दिवसा कोड, रात्री गेम: २७ इंची १४४०पी घ्यावा की ३२ इंची ४के?

प्रश्न असा आहे: दिवसाचे आठ तास कोड आणि एक्सेल, रात्री तासदोन तास गेम, ग्राफिक्स कार्ड मध्यम ताकदीचं. समोर तीन मॉनिटर आहेत: २७ इंची १४४०पी १६५ हर्ट्झ आयपीएस, ३२ इंची ४के ६० हर्ट्झ आयपीएस आणि ३४ इंची वक्र अल्ट्रावाइड (जास्त रुंद) व्हीए. (१४४०पी म्हणजे २५६० बाय १४४० पिक्सेल, ४के म्हणजे ३८४० बाय २१६०; हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो; आयपीएस आणि व्हीए हे पॅनेलचे प्रकार.) माझं मत पहिल्याला.

आधी अक्षरांचं बघू, कारण जास्त तास तिथेच जाणार आहेत. २७ इंचावर १४४०पी म्हणजे इंचाला साधारण १०९ पिक्सेल. हातभर अंतरावरून १०० टक्के स्केलिंगवर, म्हणजे विंडोजमध्ये अक्षरं मोठी न करता, नीट वाचता येतं. त्याच २७ इंचावर १०८०पी घेतलंत तर आकडा ८२ वर येतो आणि अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसतात. स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. ३२ इंची ४के ची घनता १३८ आहे, अक्षरं सुरेखच दिसतात. पण १०० टक्क्यांवर ती बारीक वाटतात, म्हणून बहुतेक जण १२५ किंवा १५० टक्के ठेवतात. आणि १५० टक्क्यांवर हातात उरते २५६० बाय १४४० एवढीच जागा, म्हणजे २७ इंचीवर मिळते तेवढीच. जास्त खिडक्या मावतील म्हणून ४के घेत असाल तर हा हिशोब आधी करा.

गेममध्ये ४के म्हणजे १४४०पीच्या सव्वादोन पट पिक्सेल. मध्यम कार्डाला ते झेपत नाही, मग डीएलएसएस किंवा एफएसआर (कमी पिक्सेलचं चित्र मोठं करून दाखवणारी तंत्रं) लावावं लागतं, आणि त्यांच्या क्वालिटी मोडमध्ये ४के चित्र आतून १४४०पीवरच तयार होतं. दिसतं चांगलं, नाही असं नाही. पण ६० हर्ट्झला दर फ्रेम १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहते, १६५ ला ६.१. हा फरक गेमपुरता नाही, लांब फाइल स्क्रोल करतानाही जाणवतो. १६५ वरून २४० ला गेलात तर जेमतेम दोन मिलिसेकंद वाचतात. स्पर्धात्मक शूटर खेळत नसाल तर त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

अल्ट्रावाइडवर तीन खिडक्या शेजारी शेजारी मस्त बसतात. माझी हरकत व्हीए पॅनेलला आहे. त्याचा कॉन्ट्रास्ट ३०००:१ च्या आसपास असतो, आयपीएसचा १०००:१, त्यामुळे अंधाऱ्या दृश्यांत तो भाव खातो. मात्र बऱ्याच व्हीए पॅनेलमध्ये काळ्यातून गडद राखाडीत जायला पिक्सेलना वेळ लागतो. दुकानात डार्क थीममध्ये कोडची फाइल उघडा, हळू स्क्रोल करा आणि राखाडी रंगातल्या कॉमेंटकडे बघा: अक्षरामागे शेपूट ओढल्यासारखा डाग दिसला तर रोज आठ तास तो दिसणार. ओव्हरड्राइव्ह (पिक्सेल लवकर बदलायला लावणारी मॉनिटरची सेटिंग) शेवटच्या पायरीवर नेऊन हे सुटत नाही, उलट कडांना पांढुरकी प्रभावळ येते. मधली पायरीच ठेवा. खोक्यावरचा ‘१ एमएस’, म्हणजे पिक्सेल एका मिलिसेकंदात बदलतो हा दावा, बहुधा त्या शेवटच्या पायरीवर मोजलेला असतो.

ओलेडचा (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो त्या पॅनेलचा) मोह होईल. टास्कबार आणि एडिटरच्या कडा दिवसभर एका जागी असतील तर बर्न-इनची, म्हणजे ते चित्र पडद्यावर कायमचं उमटण्याची, धास्ती राहतेच.

‘एचडीआर ४००’ (उजळ-अंधाराचा मोठा फरक दाखवण्याचा दावा) या शिक्क्याला भुलू नका. लोकल डिमिंग (पडद्यामागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, भागाभागाने मंद करणं) नसतानाही तो मिळतो, आणि मग काळा रंग राखाडीच राहतो.

आणल्यावर केबल ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टला लावा, मदरबोर्डच्या नाही. ही चूक वाटते त्याहून जास्त लोक करतात, आणि मग गेम रखडतो म्हणून मॉनिटरला शिव्या. डिस्प्लेपोर्ट असेल तर तोच वापरा. विंडोज बऱ्याचदा ६० हर्ट्झवरच सुरू होतं. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन १६५ निवडा. मॉनिटरच्या मेनूत अ‍ॅडाप्टिव्ह सिंक (पडद्याचा वेग गेमच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) चालू करा. एचडीएमआयवर लाल अक्षरं फुटल्यासारखी दिसली तर ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये रंगाचं आउटपुट आरजीबी फुल करा. ब्राइटनेस कारखान्यातून भडक येतो: पडद्याशेजारी कोरा कागद धरा आणि पांढरी खिडकी कागदाइतकीच उजळ दिसेपर्यंत खाली आणा.

परत करायची मुदत आहे तोवर खोलीत अंधार करून पूर्ण काळं चित्र लावा. कोपऱ्यातला उजेड डोकं हलवल्यावर बदलत असेल तर तो आयपीएस ग्लो, सगळ्यांत असतो. जागचा हलत नसेल तर बॅकलाइट गळतोय. मॉनिटर बदलून मागा.