दार-एस-सलामला उतरण्याआधी

कोल्हापूर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

टांझानियात शिकवायला जाण्याचा व्हिसा झाला हे कळलं, फार बरं वाटलं. आता बॅगेचं वजन करत बसली असशील. कांदा-लसूण मसाला हवा तर घे, पण प्रशिक्षणाच्या काळात ज्या घरात राहशील तिथे जेवताना तो लगेच बाहेर काढू नकोस. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. हाताने मोडून भाजीबरोबर खायचा. तांबड्या रश्श्याच्या जिभेला सपक लागेल, तरी त्या माउलीने वाढलेलं आधी तिच्या चवीने खा. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून, निघण्याआधीच सुरू कर. त्यात हयगय नको.

मला खरं बोलायचंय ते प्रशिक्षणातल्या भाषेच्या तासांबद्दल. तू गणित-विज्ञान शिकवायला चाललीस. माध्यमिक शाळा इंग्रजीत चालते, मग तिथली स्वाहिली भाषा बाजारहाटापुरती आली की झालं, असं तुला वाटेल. तसं समजू नकोस. टांझानियातल्या सरकारी शाळेतली पोरं सातवीपर्यंत सगळं स्वाहिलीत शिकतात, इंग्रजी हा नुसता एक विषय. फॉर्म वनला, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या वर्गात गेली की पुस्तकं, फळा, परीक्षा, सगळं एकदम इंग्रजीत. तुझी अकरावी आठव. भुदरगडातून मराठी माध्यमातनं आलीस, दहावीला विज्ञानात उत्तम गुण, आणि इथे सायन्सच्या वर्गात दिवाळीपर्यंत तोंड उघडलं नाहीस. त्वरण तुला पक्कं येत होतं, पण सर ‘ॲक्सिलरेशन’ म्हणाले की तुझं पेन थांबायचं. तुझ्यापुढे बसणारी पोरं अगदी अशीच असतील. ती मठ्ठ आहेत असं कुणी सांगितलं तर मुळीच मानू नकोस.

म्हणून भाषा शिकवणाऱ्या बाईंकडून वर्गातली भाषा मागून घे: का, किती पट, आकृती काढ, जड कोणतं, पुन्हा सांग. परवानगी काढून जवळच्या प्राथमिक शाळेत सातवीच्या विज्ञानाच्या तासाला मागच्या बाकावर बस आणि फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवून घे. सराव पाठाच्या टाचणात प्रत्येक नव्या इंग्रजी शब्दाशेजारी स्वाहिली शब्द लिही. पोरांना आपसात स्वाहिलीत चर्चा करू दे, मग उत्तर इंग्रजीत मांडायला लाव, कारण परीक्षा त्यांना इंग्रजीतच द्यायची आहे. दोन्हींतलं एकही सोडून चालणार नाही. तुझ्या गारगोटीत ज्यांनी मौनी विद्यापीठ उभं केलं ते जे. पी. नाईक देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. १९६६ च्या त्या अहवालाने उच्च शिक्षणसुद्धा प्रादेशिक भाषेत द्यावं असं सुचवलं होतं. हा प्रश्न आपल्याकडेही अजून सुटलेला नाही.

वर्ग खच्चून भरलेले असतील. २०१६ पासून तिथे सरकारी माध्यमिक शाळांची फॉर्म फोरपर्यंतची फी माफ झाली आणि पोरं लोटली. ही गर्दी बघून वैतागू नकोस. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा पहिल्यांदा शाळेची पायरी चढलेल्या घरांतली आपण माणसं. तुझ्या वर्गातली कितीतरी पोरं घरातून पहिल्यांदाच माध्यमिक शाळेत आलेली असतील.

वेळेचं एक लक्षात ठेव. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात. तू राहशील त्या घरच्या आईने सकाळसाठी ‘दोन वाजता’ म्हटलं तर ते सकाळचे आठ. थोरांना ‘शिकामो’ म्हणायला विसरू नकोस, तो तिथला आदराचा नमस्कार.

आता छडीचं. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ती बंद झाली, तिथे नियमांच्या चौकटीत अजून चालते. तू ती पाहशील, आणि तुला त्रास होईल. तुझ्या हातात कुणी दिली तर घेऊ नकोस. ‘मला हे जमणार नाही’ एवढंच नम्रपणे सांग. नव्या माणसाने पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये भाषण दिलं तर पुढे तुझं कुणी ऐकणार नाही. पण तुझ्या वर्गात उशिरा आलेल्या मुलीला बाजूला घेऊन उशीर का झाला ते विचार. पाणी भरून आली असेल, लांबून चालत आली असेल. हे ती तुला इंग्रजीत सांगू शकणार नाही. तिचं बोलणं कळण्याइतकी स्वाहिली त्या प्रशिक्षणातच पदरात पाडून घे. एकदा शाळा सुरू झाली की सवड मिळत नाही.

पहिल्या सराव पाठाचं टाचण मला फोटो काढून पाठव. पोरांनी काय काय विचारलं तेही लिही.

तुझे,
सर