वाचकांचे प्रश्न : नवोन्मेषाची मोजपट्टी

प्रश्न : जागतिक नवोन्मेष निर्देशांकात एखादा देश चार पायऱ्या वर चढला की कौतुक होते, चार पायऱ्या उतरला की टीका होते. पण नवोन्मेषासारखी गोष्ट मुळात मोजतात कशी, आणि या क्रमांकावर कितपत विसंबावे?

उत्तर : नवोन्मेष थेट मोजता येत नाही, मोजल्या जातात त्या त्याच्या मागेपुढे उमटणाऱ्या खुणा. संशोधनावरचा खर्च, संशोधकांची संख्या, पेटंट, शोधनिबंध, उच्च तंत्रज्ञानाच्या वस्तूंची निर्यात या त्यांतल्या काही. आपण उल्लेख केलेला निर्देशांक २००७ मध्ये सुरू झाला आणि आज तो जागतिक बौद्धिक संपदा संघटना प्रसिद्ध करते. त्यात सुमारे ८० निकष सात स्तंभांत विभागलेले असतात. पहिले पाच स्तंभ साधनांचे, म्हणजे संस्था, मनुष्यबळ व संशोधन, पायाभूत सुविधा, बाजारपेठ आणि उद्योगांची प्रगल्भता यांचे. उरलेले दोन फलिताचे. साधनांची सरासरी आणि फलिताची सरासरी वेगवेगळी काढून त्या दोहोंची पुन्हा सरासरी घेतली जाते. या साध्या वाटणाऱ्या पायरीचा परिणाम असा, की साधनांच्या प्रत्येक स्तंभाचा एकूण गुणांतील वाटा १० टक्के ठरतो, तर फलिताच्या प्रत्येक स्तंभाचा २५ टक्के. म्हणजे मनुष्यबळ व संशोधन या स्तंभापेक्षा ट्रेडमार्क, औद्योगिक आराखडे आणि चित्रपट ज्यात मोडतात त्या सर्जनशील फलिताच्या स्तंभाचे वजन अडीचपट असते. हे चूक आहे असे नाही, परंतु तो कुणीतरी घेतलेला निर्णय आहे, हे क्रमांक वाचताना सहसा कुणाच्या ध्यानात नसते.

एक छोटे काल्पनिक गणित करून पाहू. ‘अ’ देश संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३ टक्के खर्च करतो आणि तेथे दर दहा लाख लोकसंख्येमागे २०० पेटंट आहेत. ‘ब’ देशाचे आकडे अनुक्रमे २ टक्के आणि ४००. यादीत सर्वांत कमी खर्च ०.५ टक्के व सर्वाधिक ५.५ टक्के आहे, तर पेटंटची किमान संख्या शून्य व कमाल १,००० आहे. किमान मूल्याला ० आणि कमाल मूल्याला १०० गुण, या प्रचलित रीतीने ‘अ’ला खर्चासाठी ५० व पेटंटसाठी २० गुण मिळतात, ‘ब’ला ३० व ४०. दोघांची सरासरी ३५, म्हणजे बरोबरी. खर्चाला ६० टक्के भारांक दिला तर ‘अ’ ३८ आणि ‘ब’ ३४. पेटंटला ६० टक्के दिला तर ‘अ’ ३२ आणि ‘ब’ ३६. आता भारांक पुन्हा समान ठेवू आणि एवढेच मानू, की यादीत अग्रस्थानी असलेल्या तिसऱ्याच देशाची पेटंट १,००० वरून १,२५० झाली. ‘अ’ आणि ‘ब’ या दोघांनीही काहीच केलेले नाही. तरी पेटंटचे गुण १६ व ३२ होतात, सरासरी ३३ आणि ३१ वर येते, बरोबरी मोडते आणि ‘अ’ पुढे जातो. चार पायऱ्यांच्या बातमीमागे कधी कधी एवढेच असू शकते. म्हणूनच या निर्देशांकाचे कर्ते क्रमांकासोबत तो किती वरखाली होऊ शकतो याचा पल्लाही देतात. बातमीत तो पल्ला क्वचितच उतरतो.

अंशाइतकेच छेदाकडेही पाहावे लागते. आयर्लंडमध्ये २०१५ साली बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री तेथे हलवल्यामुळे सकल देशांतर्गत उत्पादन एका वर्षात सुमारे २६ टक्क्यांनी वाढल्याचे प्रथम जाहीर झाले. छेद असा फुगला, की एकाही प्रयोगशाळेचा निधी न कापता संशोधन-खर्चाचे प्रमाण घसरलेले दिसते. तेथील सांख्यिकी कार्यालयाला पुढे अशा उलाढाली वगळून राष्ट्रीय उत्पन्नाचे वेगळे माप तयार करावे लागले. पेटंटबाबत अडचण निराळी आहे. अर्जामागे अनुदान मिळत असेल तर अर्ज वाढतात, त्या प्रमाणात शोध वाढतातच असे नाही. चीनने पेटंट अनुदाने २०२५ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे २०२१ मध्ये जाहीर केले, ते उगाच नव्हे. यावर तोडगा म्हणून काही तुलनांत युरोप, जपान आणि अमेरिका या तिन्ही ठिकाणी संरक्षण मागितलेले शोधच मोजतात. एवढा खर्च सोसून जो शोध तीन दारांत नेला जातो, त्याला त्याचा मालक तरी मोलाचा समजत असतो.

प्रश्न : ज्या कंपनीत प्रयोगशाळा नाही, पण कामाची पद्धत सुधारली जाते, तिचा नवोन्मेष कुठे नोंदला जातो?

उत्तर : संशोधन-खर्चाच्या आकड्यांत तो बहुधा सापडणार नाही. तो खर्च कसा मोजावा याचे नियम १९६३ पासून आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या (ओईसीडी) ‘फ्रास्काटी मॅन्युअल’ या मार्गदर्शक पुस्तिकेत आहेत आणि त्यानुसार काम नवे, सर्जनशील, अनिश्चित फलाचे, पद्धतशीर आणि इतरांना पुन्हा करता येईल असे हवे. आपण म्हणता तो नवोन्मेष टिपण्यासाठी १९९२ मध्ये ‘ओस्लो मॅन्युअल’ आले. त्याच्या २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत उत्पादनातील आणि व्यवसाय-प्रक्रियेतील असे दोनच प्रकार ठेवले आहेत. त्यावर बेतलेल्या सर्वेक्षणांत कंपन्यांनाच विचारले जाते, आणि सुधारणा त्या कंपनीपुरती नवी असली तरी ती धरली जाते. माझ्या मते हेच या पद्धतीचे बळ आणि हीच तिची दुबळी बाजू. एका देशातील व्यवस्थापक नवी हिशेबप्रणाली बसवली की ‘होय’ लिहील, दुसरा त्याला रोजचे काम समजून ‘नाही’ लिहील. त्यात काही देशांत उत्तर देणे सक्तीचे असते, काही ठिकाणी ऐच्छिक. त्यामुळे एका देशातील उद्योगांची परस्परांशी तुलना करण्यास ही सर्वेक्षणे जितकी उपयोगी पडतात, तितकी दोन देशांतील टक्केवारी शेजारी मांडण्यास पडत नाहीत.

प्रश्न : एकाच देशाची गेल्या दहा वर्षांतील वाटचाल या निर्देशांकांवरून पाहता येईल का?

उत्तर : जुने अहवाल एकापुढे एक मांडून नव्हे. दरवर्षी काही निकष गळतात, काही नवे येतात, यादीतील देशांची संख्या बदलते आणि सर्वेक्षणांचे आकडे तर प्रसिद्धीच्या वेळी दोन-तीन वर्षे जुने असतात. युरोपीय आयोगाच्या नवोन्मेष गुणफलकात मात्र प्रत्येक आवृत्तीत मागील काही वर्षांचे गुण त्या वर्षीच्या पद्धतीने पुन्हा काढून देतात. वाटचाल पाहायची असल्यास अशीच नव्याने काढलेली मालिका घ्यावी, आणि तीही ताज्या आवृत्तीतली.