भेंडीचा तारामासा

"मॅडम, बाकीच्या आया मुलांकडून काय काय करून घेतात! आमचा पाच मिनिटं एका जागी बसत नाही. मागे पडेल का हो तो?"

मी समुपदेशक आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की गणपती येईपर्यंत हा प्रश्न घेऊन माझ्याकडे आयांची रांग लागते. शब्द बदलतात, काळजी तीच. केजीच्या वर्गात आज यलो डे, परवा फ्रूट डे, पुढच्या आठवड्यात रेनी डे. त्या दिवशी कपडे त्या रंगाचे, हस्तकला त्या विषयाची आणि डब्यातला खाऊही त्याच विषयाचा. संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर फोटो पडतात. ते बघून लोकलमध्ये उभ्या उभ्याच एखादीचा जीव खालीवर होतो आणि ती दुसऱ्या दिवशी मला फोन करते. इतक्या जणींना मी हे एकेकटीला सांगत आले, की आता एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

दोन वर्षांपूर्वी भांडुपहून एक आई आली होती. फोर्टला नोकरी, सकाळी आठच्या आत घर सोडायचं, परत यायला साडेसात. मुलगा साडेचार वर्षांचा, दिवसभर आजीजवळ. घरी त्याला पिल्लू म्हणतात. इथं मीही तेच म्हणते.

शाळेत तेव्हा 'समुद्र' हा विषय चालू होता. तिनं मोबाइलवर फोटो दाखवले. कागदी कपाचा ऑक्टोपस, निळ्या घोटीव कागदाच्या लाटा, काडेपेटीची होडी. डब्यासाठी केळ्याच्या देठाला चीर देऊन तोंडात द्राक्ष धरलेला डॉल्फिन. सगळं अगदी सुबक होतं.

"किती वेळ लागला?" मी विचारलं.

"रात्रीचे साडेबारा वाजले."

"आणि पिल्लू?"

"आधी बसला होता. ऑक्टोपसचे पाय चिकटवायला दिले, तर पाचच चिकटवले आणि उठला. म्हटलं, अरे मोज, आठ असतात. तर पळाला आजीकडे."

"मग उरलेले तीन?"

"मीच लावले. त्याचे पाच वाकडे होते, तेही काढून नीट लावले."

हे शेवटचं वाक्य ती अगदी सहज बोलून गेली. मी ते वहीत लिहून ठेवलं.

पुढच्या दोन बैठकींबद्दल थोडक्यातच सांगते. मी पिल्लूबरोबर खेळले, गप्पा मारल्या. माझ्याकडे झाकणांच्या लहानमोठ्या डब्यांचं एक खोकं आहे. कुठलं झाकण कुठल्या डब्याला बसतं, हे शोधत तो वीस मिनिटं मान वर न करता बसला होता. बोलणं स्पष्ट, हाताची पकड वयाला साजेशी, ऐकण्यात काही अडचण नाही. 'तो बसत नाही' हे खरं नव्हतंच. तो एका विशिष्ट कामाला बसत नव्हता.

चौथ्या वेळी मी आईला सांगितलं, गेल्या दोन महिन्यांत घरात झालेल्या सगळ्या वस्तू घेऊन या. शाळेतून परत आलेल्या, पडून राहिलेल्या, सगळ्या. ती मोठी कापडी पिशवी भरून घेऊन आली. मी त्या वस्तू सतरंजीवर मांडल्या आणि पिल्लूला जवळ बसवून एकेक उचलत विचारत गेले.

"हे कुणाचं?"

"आईचं."

"आणि ही होडी?"

"आईची."

ऑक्टोपस, मासा, फळांची टोपली, पिवळं सूर्यफूल. प्रत्येकाला तेच उत्तर. आवाजात ना तक्रार, ना राग. दुसऱ्याच्या चपलांकडे बघावं तसा तो त्या वस्तूंकडे बघत होता. आईचा चेहरा मात्र उतरत चालला होता.

सगळं संपल्यावर त्यानं स्वतःहून चड्डीच्या खिशात हात घातला आणि काहीतरी काढून माझ्या तळव्यावर ठेवलं. भेंडीचं देठाकडचं बुडखं. वाळून कडक झालेलं, कापलेल्या बाजूला हळदीचा पिवळा थर सुकलेला.

"हा माझा शिक्का आहे. तारामाशाचा."

मी नीट बघितलं. आडव्या कापलेल्या भेंडीला पाच कोपरे होते. तारामाशालाही बहुधा पाचच हात असतात.

"किती पाय आहेत रे याला?"

त्यानं बोट टेकवत मोजले. "एक, दोन, तीन, चार, पाच. आजीच्या पेपरवर खूप उमटवले मी. सगळे तारामासे."

आईनं विचारलं, "कधी रे केलंस हे?"

"तू ऑक्टोपस करत होतीस ना, तेव्हा."

इतकी वर्षं या खुर्चीत बसते आहे, पण काही क्षण असे असतात की समुपदेशकानं फक्त गप्प राहावं. मी गप्प राहिले. बाहेर रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला तेवढाच आवाज. त्या रात्री बाहेरच्या खोलीत आई पाय मोजून चिकटवत होती आणि स्वयंपाकघरात आजीनं भाजी चिरून टाकलेलं बुडखं उचलून हा मुलगा समुद्राचाच विषय करत होता. मोजत होता, आकार ओळखत होता, हळदीत बुडवून ठसे उठवत होता. शाळेला जे हवं होतं ते सगळं घरात घडलं होतं. फोटो तेवढा निघाला नव्हता.

आई रडेल असं मला वाटलं होतं. ती चिडली. "म्हणजे मी काहीच करायचं नाही का? मला एक तास मिळतो हो दिवसाचा!"

तिचा राग रास्त होता. तो तास तिनं कष्टानं काढलेला होता आणि मुलावरच्या मायेनं खर्च केला होता. मी म्हटलं, "तास तोच ठेवा. फक्त त्यातलं मधलं काम त्याला द्या. सुरुवात तुमची, साहित्य तुमचं, मधलं सगळं त्याचं. आणि तो उठला की ते झालं. पाचच पाय लागले तर पाच पायांचा ऑक्टोपस शाळेत जाईल."

"सगळ्यांत त्याचंच वेडंवाकडं दिसेल."

"दिसेल. साडेचार वर्षांच्या हाताचं काम तसंच दिसतं. बाईंना ते कळतं."

माझा पिंड बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांच्या विचारांवर पोसलेला आहे, हे मी लपवत नाही. १९४५ मध्ये त्यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे त्यांच्या सहकारी अनुताई वाघांसह ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मॉन्टेसरी शिक्षणपद्धतीची महागडी साधनं तिथं परवडणारी नव्हती. म्हणून दगड, बिया, पानं, शंख-शिंपले हीच शिकण्याची साधनं झाली. मुलाच्या अवतीभवती जे आहे त्यातून शिकवायचं, हे त्यांनी तेव्हाच करून दाखवलं. आज मुंबईच्या वन बीएचकेतही ते तितकंच चालतं, हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे.

त्याच बैठकीत मी आईला विचारलं, "पिल्लू आजीबरोबर काय करतो दिवसभर?"

"काही नाही हो. आमच्या आई वाल सोलत बसतात, तर हा शेजारी बसून तेच करतो."

काही नाही! वाल रात्री भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी उपसून फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे. मग अंगठा आणि बोटाच्या चिमटीत एकेक दाणा हलकेच दाबला की डाळिंबी टुणकन बाहेर उडते आणि साल बोटात राहते. जोरात दाबली तर डाळिंबी मोडते, हळू दाबली तर निघत नाही. पेन्सिल धरायला जी चिमूट लागते, ती याहून चांगली कुठल्या वर्कशीटनं तयार होणार? शिवाय मोड यायला वाट बघावी लागते आणि शेवटी ताटात उसळ येते. विषय, हस्तकला, खाऊ आणि विज्ञान एका पातेल्यात.

म्हणून आयांना माझं पहिलं सांगणं हे, की विषय इंटरनेटवर शोधण्याआधी या आठवड्यात घरात काय आलंय ते बघा. श्रावणात पत्री, भाद्रपदात शाडूची माती, दसऱ्याला आपट्याची पानं, दिवाळीत किल्ला आणि त्यावर पेरलेले हळीव, संक्रांतीला तीळ. आपलं पंचांगच विषयांनी भरलेलं आहे. एका विषयावर आठवडाभर रेंगाळा. रोज नवा विषय मुलाला नको असतो, तो मोठ्यांना हवा असतो.

खेळायला कणकेचा गोळा पुरतो, त्यात मूठभर मीठ आणि थोडं तेल घाला. रंगाला हळद, बीट, पालकाचा रस. हळदीच्या पाण्यानं कागद रंगवून वाळू द्या आणि मुलाला त्यावर ओल्या साबणाचं बोट फिरवू द्या. पिवळ्यावर लाल रेघ उमटते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणामुळे, हे आजीला विचारून सांगा.

खाऊ करताना खरं काम द्या. लिंबू पिळणं, मटार सोलणं, केळ्याचे बोथट सुरीनं काप करणं, भेळ कालवणं. डॉल्फिन करण्यापेक्षा मुलाला यात जास्त रस असतो. इथं एक गोष्ट कळकळीनं सांगते. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष, अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न देऊ नका, घशात अडकतात. द्राक्षाचे उभे चार तुकडे करा. मणी, बिया, मटार हाताळताना मोठं माणूस शेजारी हवंच, कारण या वयात त्या वस्तू नाकात जायला वेळ लागत नाही.

आणि तुमचे हात? ते आवरणं सगळ्यांत अवघड. त्या आईला मी एक साधी युक्ती दिली. मूल काम करत असताना चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसायचं. "असं नाही, असं" हे शब्द ओठांवर आले की एक घोट घ्यायचा. पहिल्या आठवड्यात तिचे तीन कप झाले म्हणाली. मूल काही दाखवायला आलं की लगेच "छान!" म्हणू नका. "इथं तू दोन रंग एकावर एक दिलेस" एवढं बोला. आपल्याकडे बघितलं गेलं हे त्याला कळतं.

मूल चौथ्या वर्षीही छोटी वाक्यं बोलत नसेल, हाकेला ओ देत नसेल, आवडीच्या खेळातही क्षणभर टिकत नसेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ती वेगळी गोष्ट. माझ्याकडे या प्रश्नासह येणाऱ्या बहुतेक मुलांचं तसं काही नसतं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी ओहोटीची वेळ बघून पिल्लू आणि त्याची आई जुहूला गेली. समुद्र हा विषय शाळेत केव्हाच संपला होता. ओल्या वाळूवर इवल्या इवल्या गोळ्यांची नक्षी दिसली. पिल्लूनं विचारलं, "या कुणी केल्या?" आईला वाटलं, मोबाइल काढून शोधावं. मग कप आठवला म्हणाली, आणि ती नुसती त्याच्याशेजारी उकिडवी बसली. बराच वेळ दोघंही हलले नाहीत. तेव्हा एका भोकातून बोटाच्या पेराएवढा खेकडा वर आला, वाळूतलं खाणं खाऊन उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकली आणि पुढची घ्यायला लागला.

पुढच्या भेटीला पिल्लू डब्यातून कणीक घेऊन आला. माझ्याशी फारसं न बोलता त्यानं टेबलावर गोळ्या वळून मांडायला सुरुवात केली, एका ठिपक्यापासून बाहेर पसरत गेलेल्या. आई दोन्ही हातांत कप धरून बसली होती. मधे त्यानं एक जागा रिकामी ठेवली होती. मी तिथं गोळी ठेवायला गेले तर माझा हात धरून म्हणाला, "तिथं नको. तिथून तो येणारे."