धाप लागते म्हणून बसून राहावे का?

प्रश्न : माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. दिंडोरी तालुक्यातील गावी त्यांनी आयुष्यभर चुलीवर स्वयंपाक केला. विडी-तंबाखूला कधी हात लावला नाही. डॉक्टरांनी सीओपीडीचे (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे) निदान केले असून पंप नियमित चालू आहे. आता त्या आमच्याकडे नाशिकला, इंदिरानगरात असतात. थोडे चालले तरी धाप लागते, म्हणून आम्ही त्यांना कोणतेही काम करू देत नाही. तरीही पाय बारीक होत चालले आहेत आणि खाली बसल्यावर आधाराशिवाय उठता येत नाही. अशा स्थितीत व्यायाम धोक्याचा आहे का? फुप्फुसे पूर्ववत होणार नसतील, तर त्याचा उपयोग काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती धापेची नसून बारीक झालेल्या पायांची आहे. सीओपीडीत फुप्फुसांबरोबर मांड्यांचे स्नायूही दुबळे होतात. हालचाल कमी होणे, शरीरभर राहणारा सौम्य दाह, पुन्हा पुन्हा घ्याव्या लागलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या आणि अपुरा आहार ही त्याची प्रमुख कारणे आहेत. प्राणवायू वापरून बराच वेळ काम करू शकणारे स्नायुतंतू घटले, की थोड्याशा श्रमातही स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठू लागते, त्यामुळे शरीराला अधिक कर्बवायू बाहेर टाकावा लागतो आणि आधीच थकलेल्या फुप्फुसांवरचा भार वाढतो. म्हणजे दुबळे पायच धाप वाढवतात. आणि ‘आई, तुम्ही बसा, मी करते’ हे मायेने म्हटलेले वाक्य त्यांना रोज थोडे अधिक दुबळे करत असते.

व्यायामाने स्पायरोमेट्रीतले, म्हणजे फुंकून केल्या जाणाऱ्या फुप्फुसांच्या चाचणीतले, आकडे सहसा बदलत नाहीत. बदलते ते चालण्याचे अंतर, धापेची तीव्रता आणि स्वतःची कामे स्वतः करण्याची क्षमता. सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत सुमारे ३० मीटरची वाढसुद्धा रुग्णाला जाणवण्याइतकी मानली जाते.

सुरुवात मात्र घरच्या घरी करू नये. प्रथम छातीविकारतज्ज्ञांकडून हृदय, रक्तदाब आणि चालताना रक्तातील प्राणवायूची पातळी तपासून घ्यावी, आणि ‘पल्मनरी रिहॅबिलिटेशन’चे (फुप्फुसांच्या रुग्णांसाठीच्या पुनर्वसन-व्यायामाचे) प्रशिक्षण असलेल्या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोन-तीन वेळा, असे सहा ते बारा आठवडे काम करावे. चालताना धाप लागणारच. शून्य ते दहाच्या मापनात ती चार ते सहाच्या दरम्यान असावी, म्हणजे तुटक का होईना, बोलता आले पाहिजे. सलग चालणे जमत नसेल तर एक-दोन मिनिटे चालून तेवढीच विश्रांती घ्यावी. अशा टप्प्याटप्प्याच्या चालण्याचा लाभ सलग चालण्याइतकाच होतो.

केवळ चालणे पुरेसे नाही. हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे आणि घोट्याला वजन बांधून गुडघा सरळ करणे, असे ताकदीचे व्यायाम आठ ते बारा वेळा, एक-दोन फेऱ्यांत, एक दिवसाआड करावेत. तीन चेंडूंच्या श्वसनयंत्रातून श्वास ओढला की व्यायाम झाला, असा समज अनेक घरांत दिसतो. त्या यंत्राने किंवा प्राणायामाने मांडीचा स्नायू बळकट होत नाही.

आहाराचाही विचार हवा. मूत्रपिंडे ठीक असतील तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, यासाठी डाळ, मटकी, दूध, दही, चालत असल्यास अंडी, यांचे लहान लहान भाग दिवसभरात विभागून द्यावेत. पोट तुडुंब भरले की श्वास अधिकच कोंडतो.

नाशिकच्या थंडीत पहाटे जॉगिंग ट्रॅकवर नेण्याचा आग्रह धरू नका. गार हवेने श्वासनलिका आकसतात. ऊन पडल्यावर, डॉक्टरांनी सांगितले असल्यास आधी पंप घेऊन, सोसायटीच्या आवारात फिरणे चांगले. छातीत दुखले, चक्कर आली किंवा ऑक्सिमीटरवर आकडा ८८ च्या खाली गेला, तर तत्काळ थांबून डॉक्टरांना कळवावे.

दम वाढून रुग्णालयात राहावे लागले, तर त्या काही दिवसांतच स्नायूंची बरीच ताकद जाते. घरी परतल्यावर महिनोन्‌महिने वाट न पाहता, साधारण तीन-चार आठवड्यांच्या आत डॉक्टरांच्या संमतीने व्यायाम पुन्हा, पण कमी प्रमाणात, सुरू करावा.