गावातला मिस्त्री नकाशा पाहतच नाही, मग आर्किटेक्टला पैसे देऊन नकाशा काढायचा कशाला?

वर्धा-यवतमाळ पट्ट्यात घरांच्या साइट सांभाळतो, त्यामुळे तुमचा मिस्त्री ओळखीचाच वाटतोय. "साहेब, मले कागद नोका दाखवू, माप सांगा," हे ठरलेलं. तो आडमुठा असतो असं नाही. बऱ्याचदा त्याच्या हातातला कागद बँकेसाठी नि ग्रामपंचायतीसाठी काढलेला असतो. बांधकामाचं वर्किंग ड्रॉइंग वेगळं, आर्किटेक्टकडून तेच मागा.

शहरातली मंडळी मिलिमीटरमध्ये लिहितात, मिस्त्रीचा हिशेब फुटात. ३००० दिसलं की तो दहा फूट धरून मोकळा. खरे ९ फूट १० इंच. त्याहून मोठी गफलत आत-बाहेरची. दहा फूट बाहेरून धरले, तर दोन्हीकडच्या नऊ इंची भिंती जाऊन आत साडेआठच उरतात, प्लास्टर वेगळंच. तेव्हा प्रत्येक खोलीत 'आतून इतके फूट' असं लिहून घ्या. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या प्रिंटवर पट्टी लावून माप काढू देऊ नका. प्रिंट काढताना स्केल बदलतं, लिहिलेला आकडाच खरा.

आता सेक्शन, म्हणजे घर उभं कापून बाजूनं दाखवणारा नकाशा. हा मागितल्याशिवाय कोणी देत नाही, आणि माझ्या मते पैसे वसूल होतात ते इथेच. प्लॅन म्हणजे घर साधारण चार फुटांवर आडवं कापून वरून पाहिलेलं. त्यात खिडकी दिसते, जोत्याची उंची नाही. गावात सिमेंट रस्ता दर खेपेला जुन्यावरच थर चढून उंच होतो आणि पावसाचं पाणी थेट ओसरीत येतं. रस्त्याच्या मध्यापासून जोतं किती वर, पाया किती खोल, मुरूम कुठवर, हे सेक्शनमध्ये आकड्यांत हवं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; तिथे 'नेहमीसारखा पाया' चालत नाही.

घरच्यांना मात्र कागद दाखवून भागत नाही. मी जागेवर चुन्यानं पूर्ण मापात आखतो आणि सगळ्यांना आत उभं करतो. एका घरी काकू आखलेल्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या, इकडेतिकडे पाहिलं नि म्हणाल्या, "अन् सांदवाडीत जायले काय बैठकीतून फिरून जाऊ?" परसाकडचं मागचं दार तिथल्या तिथे सरकलं. असा बदल झाला की तो कागदावरही आणा, तारीख टाका आणि जुनी प्रत मिस्त्रीकडून परत घ्या. नाहीतर सेंट्रिंगवाला एक प्रत पाहतो, मिस्त्री दुसरी.