भरलेली गाडी, घाट आणि तापणारं इंजिन

प्रश्न : मे महिन्यात पाच माणसं, भरलेली डिकी आणि वर कॅरिअर असं कोल्हापूरला निघालो. खंबाटकी घाटात तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकला. शहरात तो कधी हलत नाही. इंजिन गेलं का? (धायरी)

उत्तर : इंजिनाकडे जाण्याआधी कूलिंग तपासून घ्या. इंधन जळून निघालेल्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवायला आत फिरणाऱ्या द्रवाला, वाहून न्यावा लागतो. माणसं आणि सामान मिळून चारशे किलोंच्या आसपास बोजा झाला. तो चढावर न्यायला जास्त इंधन जळतं आणि उष्णताही त्याच प्रमाणात वाढते. नेमकं तेव्हाच तुम्ही ट्रकमागे रेंगाळत असता, म्हणजे समोरून वारा नाही आणि सगळी भिस्त पंख्यावर. शिवाय एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी (कंडेन्सर) ही कूलंट थंड करणाऱ्या जाळीच्या, म्हणजे रेडिएटरच्या, पुढे असते, त्यामुळे आत येणारी हवा आधीच तापलेली. धडधाकट गाडी हे सगळं सोसते, कारण तेवढी क्षमता धरूनच ती बनवलेली असते. म्हणून काटा हलला की कुठेतरी क्षमता घटली असं समजा : रेडिएटरच्या जाळीत माती आणि किडे, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप), ढिला बेल्ट किंवा पूर्ण वेगानं न फिरणारा पंखा. रोजच्या फेऱ्यांत एवढी उष्णता तयारच होत नाही, म्हणून ही दुखणी झाकलेली राहतात. आणखी एक, अनेक गाड्यांत काटा बऱ्याच मोठ्या टप्प्यात मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो. तो हलला की दुर्लक्ष करू नका.

जाळी साध्या पाण्यानं, हलक्या हातानं धुवा. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्यानं तिच्या पातळ पट्ट्या वाकतात आणि हवा उलट जास्त अडते.

प्रश्न : चढावर वरच्या गिअरमध्ये चालवलं तर इंजिन कमी फिरतं. मग कमी तापेल ना? (बिबवेवाडी)

उत्तर : नाही. बहुतेक गाड्यांत वॉटर पंप इंजिनाच्या बेल्टवर चालतो. इंजिन रखडलं की पंपही मंदावतो आणि कूलंट हळू फिरतं. एक गिअर खाली घ्या, ॲक्सिलरेटर हलका ठेवा.

प्रश्न : रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरलं तर चालतं का? (वाघोली)

उत्तर : रस्त्यात अडलात तर गॅरेजपर्यंत पोचण्यापुरतं, एवढंच. बोअरच्या जड पाण्यातले क्षार आतल्या बारीक नळ्यांत थर धरतात, गंजही चढतो. दुसरं म्हणजे पुण्याच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळतं. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर आणि झाकणाचा दाब मिळाला की हीच मर्यादा १२० अंशांच्या पुढे जाते. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकण बदला. स्वस्त वस्तू आहे, पण दाब तिच्यावरच टिकतो.

प्रश्न : ताम्हिणीत मित्राची गाडी बंद पडली. माझ्या ऑटोमॅटिक गाडीनं टोचन करून आणली तर? (बावधन)

उत्तर : घाटात तर नकोच. ओझं ओढताना इंजिनाबरोबर गिअरबॉक्सचं तेलही तापतं, आणि बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत ते तेल रेडिएटरवाटेच थंड होतं. म्हणजे दोघांची उष्णता एकाच ठिकाणी येते. ओढण्याची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. अनेक छोट्या गाड्यांना ट्रेलर ओढायची परवानगीच नसते. मित्राची गाडीही ऑटोमॅटिक असेल तर तिची चालती चाकं, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरणारी चाकं, रस्त्यावर फिरवत ओढू नका. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सला तेल मिळत नाही. तिला फ्लॅटबेडवर चढवा.

प्रश्न : काटा चढायला लागला तर नेमकं काय करायचं? (वारजे)

उत्तर : एसी बंद, हीटर पूर्ण आणि ब्लोअर मोठा. घाम फुटेल, पण हीटरही इंजिनाची उष्णता काढून घेतो. काटा तरी लालकडे गेला, लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन ताबडतोब बंद करा. थोडं पुढे जाऊन बघू म्हटलं की हेड गास्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, जातं. वाफ येत असताना बॉनेटला हात लावू नका. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका. दाब सुटला की उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं. किमान अर्धा तास थांबा, रेडिएटरचा वरचा होज पाईप हाताला गार लागला की मगच झाकणावर जाड फडकं ठेवून ते सावकाश सैल करा.