वाचकांचे प्रश्न : वायर लांब झाली की आवाज बिघडतो का?

प्रश्न : घराचा वरचा मजला बांधतोय. हॉलमध्ये होम थिएटर बसवायचं आहे. अ‍ॅम्प्लिफायर जिन्याशेजारच्या कपाटात, त्यामुळे डाव्या स्पीकरला ४ मीटर आणि उजव्याला १४ मीटर वायर लागते. दुकानदार म्हणतो, दोन्ही वायरी सारख्या लांबीच्याच हव्यात, नाहीतर आवाज मागेपुढे पोहोचतो. डावीकडची जास्तीची वायर गुंडाळून ठेवा. वर महागडी परदेशी वायरही घ्यायला सांगतो. टीव्हीची एचडीएमआयसुद्धा याच भिंतीतून १४ मीटर जाणार. झिऱ्या मारून झाल्यात, प्लास्टर बाकी आहे.
— एक वाचक, चोपडा

उत्तर : दादा, आधी प्लास्टर थांबवा. कारण शेवटी सांगतो.

सारख्या लांबीचं म्हणणं मनातून काढून टाका. वायरीतून सिग्नल सेकंदाला साधारण २० कोटी मीटर वेगाने धावतो. १० मीटरच्या फरकाला त्याला सेकंदाच्या २ कोटीव्या भागाएवढा वेळ लागतो. तेवढ्या वेळात हवेतला आवाज केसाच्या जाडीएवढाही पुढे सरकत नाही. तुम्ही सोफ्यावर जरा डावीकडे कललात तरी याच्या कितीतरी पट फरक पडतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या सेटिंगमध्ये स्पीकरचं अंतर विचारतात, तिथे बसायच्या जागेपासून स्पीकरपर्यंत टेप लावून मोजलेलं अंतर भरा. वायरीची लांबी तिथे भरायची नाही. जास्तीची वायर गुंडाळून ठेवण्यात काही फायदा नाही, कापून टाका.

लांबी महत्त्वाची आहे ती रोधासाठी, आणि तिथे जाडीशिवाय लांबीला अर्थ नाही. मी भुसावळला रेल्वेच्या टेलिकॉममध्ये होतो. स्टेशन ते स्टेशन बोलणं तांब्याच्या एका जोडीवरून कित्येक किलोमीटर जायचं. त्या कामात पहिली सवय लागते ती ‘जायची आणि यायची’ अशी दोन्ही तार मोजायची. तुमची १४ मीटर म्हणजे खरी २८ मीटर तार. होम थिएटरच्या खोक्यात येणारी बारीक वायर फार तर अर्धा स्क्वेअर एमएमची (तारेच्या जाडीचं माप) असते. २८ मीटरला तिचा रोध जवळपास १ ओहम होतो. स्पीकर ८ ओहमचा असेल तर त्याच्यापर्यंत पोहोचणारी ताकद पाचव्या हिश्श्याने घटते आणि ढोलाचा ठोका सैल वाटायला लागतो. तेच दीड स्क्वेअर एमएमची वायर टाकली तर रोध ०.३२ ओहमवर येतो, अडीचच्या वायरीत ०.१९. वायरीचा रोध स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा, असा आमचा धंद्यातला हिशेब. ८ ओहमला दीडची चालेल. होम थिएटरचे स्पीकर बरेचदा ६ किंवा ४ ओहमचे असतात, म्हणून तुम्ही उजवीकडे सरळ अडीचची टाका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, तेव्हा २० अंशांच्या मानाने तांब्याचा रोध १० टक्के वाढलेला असतो, हेही धरून चाला.

परदेशी नाव नको, पण तांबं खरं हवं. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर सर्रास मिळते. गुंडाळी हातात घेतली की हलकी लागते. एक धागा ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं की परत द्या. त्याच जाडीत तिचा रोध तांब्याच्या जवळपास दीडपट.

एचडीएमआयची गोष्ट वेगळी. स्पीकरचा आवाज लांबीने हळूहळू खालावतो, एचडीएमआयचं चित्र मात्र एका मर्यादेपर्यंत अगदी जसंच्या तसं असतं आणि पुढे एकदम ठिपके चमकतात, पडदा काळा होतो. ४के चित्र ६० हर्ट्झवर न्यायचं तर साधी तांब्याची केबल ५ मीटरपर्यंत बिनघोर. १४ मीटरला आत काचेचे धागे असलेली ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. ती एकाच दिशेने चालते. एका टोकाला ‘सोर्स’ आणि दुसऱ्याला ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं. उलटी ओढली तर चित्र येणारच नाही.

आता प्लास्टरचं. केबल थेट झिरीत गाडू नका. सव्वा ते दीड इंची पाइप टाका, कारण एचडीएमआयचं डोकं बारीक पाइपातून जात नाही. काटकोनी एल्बो नको, लांब बेंड लावा, आणि आत एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा. पाच वर्षांनी केबल बदलाल तेव्हा भिंत फोडावी लागणार नाही. २३० व्होल्टचा पाइप वेगळाच ठेवा.

प्रश्न : छत्री तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर, टीव्ही खाली. केबल साधारण ४० मीटर. काही चॅनल स्वच्छ, काही कायम तुटक. मेकॅनिक छत्रीची दिशाच बदलत बसतो.
— एक वाचक, शहादा

उत्तर : काहीच चॅनल तुटतात म्हणजे संशय केबलवर घ्या. छत्रीतून खाली येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा असतो, आणि लांब केबलमध्ये वरच्या टोकाचे चॅनल आधी मरतात. शिवाय त्याच केबलमधून सेट टॉप बॉक्स वर छत्रीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो; काही चॅनल १३ वर येतात, काही १८ वर. मधल्या तारेला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर आत पोलाद आहे. सिग्नल पृष्ठभागावरून जातो म्हणून त्याला ते चालतं, व्होल्टला मात्र अडतं, आणि १८ व्होल्टचे चॅनल गळतात. मधली तार अस्सल तांब्याची असलेली आरजी ६ जातीची छत्रीची केबल टाका. मध्ये पिळून टेप गुंडाळलेला जोड असेल तर सगळ्यात आधी तो काढा. बूस्टर लावायचाच झाला तर छत्रीजवळ.

प्रश्न : श्रावणात कानबाईच्या जागरणाला आम्ही बाया माइकवर गाणी म्हणतो. माइकची वायर २० मीटर लांब केली तर बारीक गुणगुण येते.
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : ताई, तुमचा माइक बहुधा ठीक आहे. माइकच्या बाजूला तीन पिना आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूला एकच जाड मोनो पिन, अशी केबल असणार. ती ५-६ मीटरपर्यंत ठीक; पुढे रोषणाईच्या वायरींची गुणगुण पकडते. दोन्ही टोकांना तीन पिना असलेली केबल घ्या. तिच्या दोन तारांवर सिग्नल उलटसुलट जातो, बाहेरची गुणगुण दोघींवर सारखी बसते आणि अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वजा होते. अशी केबल १०० मीटरही चालते. अ‍ॅम्प्लिफायरला तीन पिनांचं भोक आहे ना, ते आधी बघा. केबल झाळून घेणार असाल तर १ आणि ३ नंबरच्या पिना एकत्र झाळू देऊ नका, नाहीतर पुन्हा तीच गुणगुण.